विलिंग म्हणजे राजी

४ जाने.
दीपकचं डायलिसिस. गोव्याहून परत येईतो संध्याकाळ. डॉक्टर म्हणाले, आईची किडनी चालणार नाही, साखर आहे. मी म्हटलं, मी तयार आहे हो. "काकी, तुम्ही विलिंग आहात, पण फिट नाही." मग विचारलं, घरात दुसरं कोणी विलिंग आहे का?
दीपकचे पाय सुजलेत, गाडीत चप्पल हातात धरून बसला होता. माझा एकुलता झील, मुलगा म्हणून हाच.

५ जाने.
यांचा इंग्रजी-मराठी कोश काढला. बोटीवर असताना वापरायचे. इंग्रजी अक्षरं मी त्यावरच शिकले, यांच्या मागे. विलिंग: राजी, आपखुशीने तयार. रेडी वेगळं. भात शिजला की रेडी, गाडी रेडी. विलिंग फक्त माणूस.
शेजारची शकू ग्रामपंचायतीत काम करते. तिला विचारलं, तुमच्यात हा शब्द चालतो काय गो? "चलता तर. आमच्या हयसर सगळे विलिंग, काम कोण करीत नाय." हसले. मग दीपकची खोली दिसली.
हे गेल्यापासून मी कशाला राजी आहे ते कोणी विचारलेलं नाही. तेव्हाही नव्हतं.

९ जाने.
माझी लेक सुनी, तिचा फोन, सासरहून, खारेपाटणहून. मी तिला सांगितलं नव्हतं. तिने भावाकडूनच काढून घेतलं. रक्तगट एकच. "आये, मी दितंय." एवढंच.
हो म्हटलं नाही. नको म्हणायला तोंड उघडेना. तिच्या पोरी लहान आहेत. एका लेकराचं पांघरूण काढून दुसऱ्याला...

१४ जाने.
सुनीच्या पहिल्या तपासण्या जुळल्या. जावई भला, पण तिच्या सासूबाई म्हणाल्या, "देवीक इचारल्याशिवाय पोटाक सुरी लावची नाय. उजवो कौल येवंदे, माजी ना नाय."
दीपक ताटावरून उठला. "माका कोणाचा काय नको. तिका काय झाला तर मी जगान काय करू?" पेज तशीच राहिली.
वीस तारखेला गोव्यात डॉक्टर सुनीला एकटीला आत घेऊन विचारणार, खरंच विलिंग ना, की घरच्यांनी भरीला घातलंय. मी भरीला घातलं नाही. अडवलंही नाही. याला काय म्हणतात ते कोशात कुठे शोधू?

१९ जाने.
कौल लावला. देवळात सुनी, तिच्या सासूबाई, मी. गुरवांनी देवीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. चेडवान भावाक किडनी दिवची तर उजवी पाकळी दी गो माये, नको तर डावी. मला म्हणाले, "तुमी पण मनात मागा."
हात जोडले. उजवी म्हणू तर सुनी. डावी म्हणू तर दीपक. डोळे मिटून नुसती उभी राहिले.
पाकळ्या हलल्या नाहीत. पुन्हा गाऱ्हाणं. दुपार झाली. गुरव म्हणाले, देवी मनात घोळवता आसा. सासूबाई हटेनात, तिथेच खांबाला टेकून बसल्या.
बाहेर पायरीवर सुनी म्हणाली, "आये, तू काय मागलंस?"
"काय नाय."
"मगे ती तरी काय दितली?"
रागावली नव्हती. मला हाताला धरून घरी आणलं. आता कौलाची वाट न बघता ती उद्याच्या गोव्याच्या गाडीसाठी पिशवी भरते आहे. सासूबाई अजून देवळात. दीपक भिंतीकडे तोंड करून पडलाय.
सुनीने आतून विचारलं, "सकाळी तू येतंस मां?"
मी तिच्या साडीची घडी घालते आहे. दोनदा उलगडली.