पावडरचा दोष नव्हता

प्रिय रसू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुझा आवाज हल्ली वेगळा लागतोय, बरी आहेस ना?" मी "सर्दी झालीय" म्हणून वेळ मारून नेली. सर्दीबिर्दी काही नाही गं. नीट सांगायचं तर निवांत बसून लिहायला हवं, म्हणून आज चहा घेऊन बसलेय.

आपल्या सोसायटीमागे ज्येष्ठ नागरिकांचा कॅरम चालतो, तिथे मी जाते हे तुला ठाऊक आहेच. दिवाळीनंतर तिथे पेणकरपाड्याचे महिपत भोईर यायला लागले. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ते समोर बसले की माझा स्ट्रायकर सोंगटी सोडून सरळ पॉकेटमध्ये! आधी मी पावडरला नावं ठेवली. मग छातीत धडधडायला लागलं, तेव्हा बीपीच असणार असं ठरवून डॉक्टरांकडे गेले. बीपी तुझ्यापेक्षा चांगलं निघालं. मग चहा सोडून पाहिला, तर नुसतं डोकं दुखायला लागलं. शेवटी शेजारच्या जसूबेन म्हणाल्या, "वासंतीबेन, चाय को क्यूं सज़ा देती हो? आपको वो मास्टरजी अच्छे लगते हैं, बस!" मी इतकी चिडले की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तेवढ्यात भोईर यायचेच बंद झाले. फोनही उचलेनात. मी घरात बसून तर्क लढवतेय. रागावले असतील, आजारी असतील, नाहीतर जसूबेन त्यांच्याही कानाशी लागल्या असतील. शेवटी राहवेना. रिक्षा केली आणि थेट पेणकरपाड्यात त्यांच्या दारात.

दार उघडलं ते तोंडावर टॉवेल धरून. मी घाईघाईने विचारलं, "काय झालं हो?" तर त्यांची सून पिंकी मागून हसत म्हणाली, "काकू, बाबांचे दात काढलेत. कवळी यायचीय, म्हणून लपून बसलेत." भोईर टॉवेलाआडून पुटपुटले, "तुमच्यासमोर असा बोलका, बिनदातांचा यायचा न्हवता मला." मला जे हसू फुटलं रसू, मी पायरीवर बसूनच हसले. मग त्यांनीही टॉवेल काढला आणि दिलखुलास हसले, अगदी तान्ह्या बाळासारखे. हसता हसता मला रडू आलं. तेव्हा कळलं, की जसूबेनचंच खरं होतं.

दुसऱ्याशी जीव जडला म्हणजे तुझ्या बाबांना मी विसरले, अशीही एक भीती मनात होती. तीही खोटी निघाली. भोईरांना मी बाबांबद्दल तासन् तास सांगते आणि ते मन लावून ऐकतात. मला त्यांच्या बायकोच्या हातच्या बोंबलाच्या कालवणाबद्दल सांगताना त्यांचेही डोळे भरून येतात.

गेल्या रविवारी उत्तनच्या किनाऱ्यावर मीच त्यांना विचारलं. नवी कवळी दाखवत ते "हाय तयार" म्हणाले. पुढच्या महिन्यात रजिस्टर पद्धतीने लग्न करतोय. साक्षीदार तीन लागतात. पिंकीने होकार दिलाय आणि जसूबेन तर कधीपासून साडी इस्त्री करून बसल्यात. तिसऱ्या सहीला इथली पुष्कळ माणसं तयार आहेत, पण ती जागा मी कुणालाच दिलेली नाही. तुला आधी राग येईल, कदाचित रडूही येईल. ते सगळं घेऊन ये, पण ये बाळा.

वाट बघणारी, तुझीच
आई