ठसक्याचा रकाना

मॅडम, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, तरी आज दुपारी मला तुमचा राग आला. मनीषनगरच्या ऑफिसात बसलेय, समोर कोराडीच्या वस्तीतल्या सर्वेक्षणाचा तक्ता आहे आणि खोकल्याच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे ‘नाही’. उद्या हाच तक्ता बघून ठरणार आहे, की दर आठवड्याला तिथे जाणारी दवाखान्याची गाडी चालू ठेवायची की बंद करायची. वीजकेंद्राची राख रोज झाडणारी वस्ती, आणि खोकला नाही! न राहवून सकाळी तिकडे जाऊन आले. डब्यावरची राख पदराने पुसत एक बाई म्हणाली, “खोकला काहून राहीन जी? ठसका लागते निस्ता. तो तं इथं सगळ्यायलेच लागते.” आणि भिंत धरून कितीतरी वेळ खोकत राहिली. आमच्या फॉर्ममध्ये ‘ठसका’ कुठेच नाही. फॉर्म मी केलेला. छापायच्या आधी दहा घरी विचारून पाहायचं, हे तुम्ही आमच्याकडून घोकून घेतलं होतं. मी घाईत तेवढंच गाळलं.

तेव्हापासून कामठीचं ते सर्वेक्षण डोक्यातून जात नाही. मी विद्यार्थिनी आहे, यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईसमोर बसलेय आणि विचारतेय, “तुम्ही काम करता का?” ती म्हणते, “नाही जी, घरीच राहतो.” मी ‘नाही’वर खूण करते. तुम्ही मागून येऊन फॉर्म उचलता आणि सगळ्यांदेखत म्हणता, “काहून वं, हिचे हात काय करून राहिले? दिसत नाही तुले?” परतीच्या ऑटोत मी रडले. आकड्यांनी माणसं कळतच नाहीत, असंही फणकाऱ्याने म्हणाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, “एका बाईचं दुःख सायबाले गोष्ट वाटते वं. सगळ्या वस्तीचं मोजून ठेवलं तं उत्तर द्या लागते. पण विचारणं तं नीट शिक.” दुसऱ्या दिवशी परत जाऊन सगळ्यांना पुन्हा विचारायला सांगितलंत. नंतर माझे फॉर्म वर्गात नमुना म्हणून दाखवलेत, आणि स्वतःचं पेन मला दिलंत.

तेच पेन आता हातात आहे. ‘नाही’चं ‘हो’ करायला किती वेळ लागतो, मला नेमकं ठाऊक आहे. गाडी वाचेल, कुणाला कळणारही नाही. हात दोनदा तक्त्यापर्यंत गेला.

मघाशी गाडीचं ठरवणाऱ्या साहेबांना फोन करून सांगून टाकलं, की फॉर्म करताना माझी चूक झालीय, पुन्हा विचारायला आठ दिवस द्या. पलीकडून नुसतं “बघतो” आलं. गाडीचं काय होईल, कोण जाणे.

हे एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर लिहितेय. पाठवणार कुठे? पण एक सांगायचं राहिलंय. कामठीला मी परत गेलेच नव्हते. बसस्टॉपवर बसून सगळ्या ‘नाही’चे ‘हो’ केले होते. मॅडम, ते पेन तुम्ही मला द्यायला नको होतं.