पाणी न मारलेल्या विटा

६ फेब्रुवारी
आज सरोजजींनी चोवीस विटा निवडल्या. काल साच्यातून निघालेल्या, अजून ओलसर. संगमरवराचा गाळ, वीजघराची राख, थोडं सिमेंट. मातीचा कण नाही, भट्टी नाही. प्रत्येक विटेवर स्वतः खडूने आकडा घातला, आणि मालकीणबाई असून खाली बसून घातला.
ह्यातल्याच वीस लॅबला जाणार, बाकी इथेच. पास झाल्या तर सरकारी बांधकामाच्या यादीत नाव. नाही झाल्या तर शाळा-दवाखाने सगळं मातीच्याच विटांचं, आणि एप्रिलनंतर आमचं गेट बंद. हे स.जी नाही बोलल्या, गिर्राजने सांगितलं. तो मशीनवर असतो, विटांचा मसाला त्याच्याच हाताचा. उद्यापासून पुतणीच्या लग्नाला गावी चाललाय.
म्हणून तराई माझ्याकडे. म्हणजे विटांवर दिवसातून तीनदा पाणी मारायचं, पंधरा दिवस, आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहून सही करायची. स.जी म्हणाल्या, "तू पढ़ा-लिखा है, निखिल." पॉलिटेक्निक दीड वर्षात सोडलं हे माहीत असून.

८ फेब्रुवारी
पाणी दोनदा. दुपारचं राहिलं. जयपूरच्याच सांगानेरला कागद आणायला गेलो तो एका छपाईवाल्याच्या अंगणात अडकलो. ठसा ठेवतो, मुठीने ठोकतो, उचलतो. बघतच बसलो. कागद विसरलोच.
रजिस्टरमध्ये तीन लिहिले. एकाने काय होतं.

१२ फेब्रुवारी
काल परत आलो. कुठून, तर सांभरहून. ९ ला सकाळी पाणी मारून बसस्टँडवर चहा प्यायला गेलो. एक भेटला, म्हणाला सरोवरावर गुलाबी पक्षी उतरलेत, चल. संध्याकाळी परत यायचं ठरलं होतं. मिठाच्या आगरांवर काम करणाऱ्यांच्या खोलीवर राहिलो. पक्षी फार लांब होते, गुलाबी ठिपके फक्त. तरी बरं वाटलं. का वाटलं ते

विटा पांढऱ्याफटक पडल्यात. हात लावला तर पीठ लागलं. पाइप मी टाकला तिथेच. आज इतकं पाणी मारलं की खाली चिखल झाला.
रजिस्टर भरलं. ९, १०, ११. तीन वेगळ्या पेनांनी. हे डोकं मात्र बरोबर चालतं.

१९ फेब्रुवारी
वीटवाल्यांच्या संघटनेची बैठक, सी-स्कीममधल्या एका हॉटेलात. स.जींच्या मागे फाइली धरून उभा. तीन वर्षं ह्या बाई अर्ज करतायत की सरकारने आपल्या कामात निदान थोड्या तरी बिनमातीच्या विटा वापराव्यात. बाकीचे छोटे कारखानेवाले त्यांच्याकडे बघून टिकलेत. नमुना एकट्या आमचाच. तो सगळ्यांचा धरणार.
एक भट्टीवाला मोठ्याने म्हणाला, "मैडमजी, राख तो श्मशान में मिले है. उसका घर बनाओगे?" सगळे हसले.
स.जी म्हणाल्या, "और भाईसाहब, आपने जिन खेतों की मिट्टी उठाई, वहाँ अब क्या उगे है?"
कोणी हसलं नाही. मग कचोरी आली.
मीही खाल्ली. दोन.

६ मार्च
नापास. थोडक्यात नाही, चांगल्याच नापास.
स.जींनी कागद दोनदा वाचला. मग रजिस्टर मागितलं. एकेका सहीवर बोट ठेवत गेल्या. मी पंख्याकडे बघत होतो. "तराई तो पूरी है," म्हणाल्या. "तो फिर मसाला ही कमज़ोर है."
गिर्राजला बोलावलं. गाळ जास्त घातला का? सिमेंट चोरलं का? हे शेवटचं हळू विचारलं, पण विचारलं. चौदा वर्षं आहे तो इथे. हात पुसत राहिला. "नहीं मैडमजी." एवढंच.
यादी ठरवणारी सरकारी कमिटी बसेपर्यंत दुसरा नमुना देता येतो म्हणे, पण विटा मसाल्यामुळे नाही, दुसऱ्या कशाने बिघडल्या हे कारण लेखी द्यावं लागतं. स.जी: "वजह होती तो माँग लेती. वजह ही कहाँ है."

७ मार्च
गिर्राजने उरलेल्या विटांतल्या दोन उचलल्या, एकमेकींवर आपटल्या. चांगली वीट खणकन वाजते. ह्या बद्द वाजल्या. "सुण. प्यासी मरी है."
मी म्हटलं, काय माहीत.
"म्हूँ तो ब्याह में गयो छो. थारै भरोसे."
तूच सांग ना त्यांना, मी म्हणालो. लाज वाटली नाही म्हणताना.
"मेरी कौन मानेगा? रजिस्टर तो थारो है, बाबूजी." बाबूजी असं म्हणाला की थुंकला असता तर बरं.

८ मार्च
घरी. आईने झुणका केला होता, जेवलो नाही. "काऊन रे, बरं नाही का तुले?" मी म्हटलं नाही, मतलब, ठीक आहे.
बाबा रेल्वेतले, अकोल्याहून बदलीवर आले ते इथेच रिटायर झाले. त्यांच्या जुन्या साहेबाची गोष्ट परत काढली: गस्त न घालता गस्तीची वही भरणाऱ्याला त्याने रुळावरून सात मैल पायी चालवलं, स्वतः बरोबर चालला. बाबा हसत होते सांगताना. मला विचारायचं होतं, पुढे काय झालं त्या माणसाचं. विचारलं नाही.

१० मार्च
गिर्राजला मशीनवरून काढून माल भरायला लावलं. मसाला आता नवीन माणूस बघणार. गाळ बंद, सिमेंट दुप्पट. स.जी म्हणाल्या, असं करून आपण तर तेच झालो, नुसती महाग वीट विकणारे. 
आणि पत्र लिहायला सांगितलं मला. बाकीच्या छोट्या कारखानेवाल्यांच्याही वतीने: आमचा नमुना मागे घेतो, आमच्या मिश्रणातच दोष आढळला, यादीची मागणी तूर्त स्थगित. मी छान लिहिलं. त्या म्हणाल्या, "भाषा अच्छी है तेरी."
आमेरला जाणारी बस दिसली येताना. पाय उचललाही होता. जयपूर सोडून कुठेही, रोज मनात येतं. पण गिर्राज गोणपाट खांद्यावर टाकून विटा चढवत होता, ते डोळ्यांपुढून जात नाही. वय पन्नासच्या पुढे त्याचं.

१२ मार्च
सरकारी ऑफिससमोर. झेरॉक्सच्या दुकानात, बाकावर. भराभर लिहितोय.
येताना गाडीत स.जी म्हणाल्या, पत्र वाचून दाखव, कोई गलती तो नहीं? वाचलं. "तराई विधिवत पंद्रह दिन की गई" इथे आलो आणि थांबलो. "क्या हुआ?" खोकल्यासारखं केलं. त्यांनी पाण्याची बाटली दिली.
त्या वर गेल्या. मला म्हणाल्या, दोन कॉपी काढून आण, मग देऊ. पत्र माझ्याकडे आहे. कमिटी साडेअकराला बसते. दुकानवाला विचारतोय, "भैया, कितनी कॉपी?" सांगितलं नाही अजून. दुसऱ्यांना पुढे सोडतोय.
फोन आला, उचलला नाही. परत आला.
पळून गेलो तर पत्र जाणार नाही आज. पण त्या उद्या दुसरं लिहितील, स्वतःच्या हाताने, आणि त्यातही तेच लिहितील, कारण त्यांना तेच खरं वाटतंय.
अकरा वीस.
त्या खाली आल्यात. रस्त्यापलीकडे उन्हात उभ्या, कपाळावर हात धरून मला शोधतायत. दिसलो. हात केला. गाड्यांमधून इकडेच यायला निघाल्यात. मी खूण केली, थांबा, येऊ नका, मीच येतो. कॉपी नाही काढल्या, आधी पाण्याचं सांगणार