एकेचाळिसावा तक्ता

३ जून

चि. तर्कटबाईस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले कोरे तक्ते मिळाले. डॉक्टरांनी डोकं चालतं ठेवायला सांगितलंय म्हणून तू मला हा उद्योग लावलास, असं दादा म्हणाला. अगं, बत्तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक आखलं मी. एका मास्तरांना एकाच तासाला दोन वर्गांत कधी उभं केलं नाही. तुझे तक्ते म्हणजे मला सुट्टीच.

तुझं शास्त्र मला कळलं ते असं : ‘आणि’नं जोडलेली दोन वाक्यं उलटसुलट केली तरी खरंखोटं बदलत नाही. तक्त्यात वाक्यांच्या जागी आकडे, आणि आडव्या आकड्याला उभा जोडला की काय येतं ते त्यांच्या घरात भरायचं. तुझे तीन नियम पाळले की कुठल्याही तक्त्यात उलटसुलट जोडलं तरी उत्तर तेच, हे आपोआप होतंच, वेगळं सांगावं लागत नाही, असं तू सिद्ध केलंस. बरोबर ना? चुकलो असेन तर कान धर.

पाच आकड्यांपर्यंतचे चाळीस तक्ते झाले, आता सहाचे घेतो. पद्धत जुनीच. एकदा डावीकडून तपासायचं, एकदा खालून वर, मगच कोपऱ्यात लाल टिंब. परवा गॅस चालू राहिला, तेवढं सोडलं तर ठणठणीत आहे. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझे आप्पा

२१ जून

चि. छोटीस आशीर्वाद.

गॅस पुन्हा दोनदा चालू राहिला. सोमवारी आप्पा सकाळीच निघाले आणि सुट्टीतल्या शाळेच्या बंद फाटकाशी दुपारपर्यंत उभे होते. मी आणि तुझी वहिनी दोघंही कामावर, त्यांच्याजवळ कोण राहणार? शुश्रूषागृहात एक जागा रिकामी झालीय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

वहिनी म्हणते, तक्ते बरोबर येताहेत तोवर त्यांना घरातून हलवायचं नाही. मलाही ते पटतं. पण त्यातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. एकेचाळिसावा सोबत पाठवतोय. हा छोटीला दाखवच, म्हणून सकाळपासून माझ्या मागे लागलेत. तू म्हणशील तसं करू.

दादा

२४ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तक्ता पाहिला. दोनला पाच जोडले की तीन येतात आणि पाचला दोन जोडले की चार, असं आप्पांनी भरलंय. असा तक्ता असूच शकत नाही. तो नसतो हेच तर माझं प्रमेय आहे, आणि दोन परीक्षकांनी ते तपासलंय. आप्पांनी कुठेतरी नियम मोडला असणार. घरन्घर तपासायची गरजच नव्हती, म्हणून मी बसले नाही.

टिंब मात्र ठसठशीत दिलंय रे. ते पाहून रडूच आलं. चूक होते आणि ती कळतही नाही, म्हणजे आता त्यांना एकटं ठेवणं बरं नाही. जागा सोडू नका. त्यांना सांगायचा धीर होत नसेल तर हे पत्रच वाचून दाखव. वहिनीला नमस्कार.

छोटी

१२ जुलै

चि. तर्कटबाईस आशीर्वाद.

खोली स्वच्छ आहे. खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसतो. माणसं चांगली आहेत, फक्त मोठ्यानं बोलतात.

तो तक्ता मी तीनदा तपासला होता. पण तुझं सिद्ध झालेलं आहे, तेव्हा चूक माझीच. एवढंच कळव, ती कुठल्या घरात आहे? म्हणजे पुन्हा होणार नाही. घाई नाही, तुझी कामं सांभाळून.

आप्पा

३ ऑगस्ट

ती. आप्पांना कोणत्या तोंडानं नमस्कार करू?

तुम्ही घर विचारलंत, म्हणून पहिल्यांदा तपासायला बसले. छत्तीस घरं, तीन-तीन आकड्यांची दोनशे सोळा त्रिकुटं. चूक सापडेना. दुसऱ्या दिवशी तुमच्यासारखं खालून वर गेले. आप्पा, तक्ता बरोबर आहे. चुकलंय माझं प्रमेय. प्रबंधाच्या सत्तेचाळिसाव्या पानावर एका ओळीत मीच दोन अक्षरांची अदलाबदल केलीय. जे सिद्ध करायचं, तेच नकळत वापरून बसले. कुणालाच दिसलं नाही.

माझ्या मार्गदर्शक सरांना कळवलंय, प्रबंध मागे घेतेय. त्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त लाज वाटते ती तुमच्यापुढे. खात्री होती म्हणून मी तुम्हाला तपासलंसुद्धा नाही. पंधरा तारखेला येते, तुम्हाला घरी न्यायला.

तुमची छोटी

९ ऑगस्ट

चि. छोटीस आशीर्वाद.

तुझं पत्र आप्पांना दोनदा वाचून दाखवलं. आधी हसले. मग तक्ता मागून घेतला, मांडीवर पसरला आणि कोपऱ्यातलं लाल टिंब खोडरबरानं पुसून टाकलं. म्हणाले, ‘छोटी माझी समजूत घालतेय. ती लहान असताना तिनं रडू नये म्हणून मीही तिच्याशी बुद्धिबळात मुद्दाम हरायचो.’

मी शपथ घेऊन सांगितलं. वहिनीनं सांगितलं. त्यांचं एकच की, छोटीनं आधी चूक म्हटलं तेव्हा विचार करूनच म्हटलं असणार. कोरा तक्ता पुढे ठेवला तर आता हात मागे घेतात.

निघताना त्यांनी मला परत बोलावलं आणि तुला एवढं मात्र नक्की लिहायला लावलं की, एका म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून तिनं आपलं प्रमेय मोडू नये. ते बरोबर आहे.

तू ये. लाल पेन्सिल त्यांनी माझ्याजवळ दिलीय, तुझ्यासाठी. लोभ आहेच, तो उणा होणार नाही.

दादा