प्रवाशांची यादी

प्रिय दादा,

हे पत्र कुठे टाकणार, ते विचारू नकोस. तुझी बोट बेपत्ता झाली त्याला चौदा वर्षं झाली. चर्चमधल्या प्रार्थनेच्या याद्या मी टाइप करते. आईने तुझं नाव कायम प्रवाशांच्या यादीत ठेवायला लावलं. "तो वाटेत आहे गं," म्हणायची. तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप होती?

मार्चमध्ये ती गेली. परवा मृतांसाठी मिस्सा होती. मृतांच्या यादीत बाबांच्या खाली तिचं नाव घातलं आणि तिच्या खाली तुझं. कुणाला विचारलं नाही. फादरांनी ते वाचलं. सगळे म्हणाले, "प्रभू, त्यांना शांती दे." मीही म्हणाले. रडू येईल वाटलं होतं, पण नुसती पाठ दुखत होती.

देवाला यादी लागत नाही, असं फादर म्हणतात. मग माझी बोटं इतकी वर्षं कशाला झिजवली?

आज प्रवाशांची यादी टाइप करायला घेतली. तिच्यात तू एकटाच होतास. फादर म्हणाले, "आता ते पान नको."

तू खरंच वाटेत असलास, दादा, तर आता तुझ्यासाठी कोणी प्रार्थना करत नाही. मीसुद्धा नाही.

तुझी,
ठमी