गल्लीपलीकडचा शेवटचा बाक

बाई, तुमचा आवाज मला आता आठवत नाही. ज्या आवाजावर मी अख्खी पाचवी शिकलो, तोच नेमका कानातून निसटला, आणि आठवतं ते तुमचं थांबणं. कवितेची एक ओळ एकाने म्हणायची, पुढची दुसऱ्याने, अशी तुमच्या वर्गातली साखळी. ती फिरत फिरत खिडकीपाशी आली की तुम्ही छडी टेबलावर आडवी ठेवायचात आणि गप्प उभ्या राहायचात. सगळा वर्ग गप्प. कारण पुढची ओळ माझी असायची आणि मी वर्गात नसायचो. मी समोरच्या चाळीच्या गॅलरीत लाकडी फळीवर उताणा पडलेला असायचो, आणि आपल्या दोघांच्या मध्ये लालबागची एक जितीजागती गल्ली असायची. तिच्यात भाजीवाले ओरडत, मसाला कुटायचे डंक धाडधाड चालत, आणि हंगामात मिरचीचा असा ठसका उठे की तुम्ही शिकवता शिकवता पदर नाकाला लावत असा. मी ओळ म्हणायचो. तुम्ही छडी उचलायचात, म्हणायचात, "ऐकू आलं. पुढे." आज दुपारी एक फोन आला, म्हणून हे लिहायला बसलो आहे. पण फोनचं नंतर सांगतो. गोष्ट सांगताना आधी विहीर दाखवावी, मग पोहरा सोडावा, हे तुमचंच शिकवणं.

मणक्याचा क्षय हे शब्द घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे. छातीपासून कंबरेपर्यंत प्लास्टर घालून मला गॅलरीत आणून ठेवलं होतं, कारण खोलीत उजेड नव्हता आणि वडील गिरणीतल्या पाळीवरून आले की त्यांना झोपायला जागा लागे. शाळेतून नाव कमी होणार हे घरच्यांनी धरून चाललेलं. तुम्ही आलात त्या दिवशी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तुम्ही उंबऱ्यातच बसलात, आणि आई संकोचून म्हणाली, "बाई, जीव वाचला तर शाळेचं बघू." तुम्ही म्हणालात, "जीव तुम्ही सांभाळा. शाळेचं मी बघते. दोन्ही कामं तुमच्यावर कशाला?" आईने पहिली भाकरी तुमच्या हातावर ठेवली, सोबत लसणीची चटणी. तिखट लागून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तुम्ही ती संपवलीत. नंतर आई चाळभर सांगत होती की पोराच्या काळजीने मास्तरीणबाई रडल्या. मी तिला खरं कधी सांगितलं नाही.

मग तुम्ही आरसा आणलात. खालच्या सलूनवाल्याने टाकून दिलेला, एका कोपऱ्याला पारा उडालेला. गॅलरीच्या वाश्याला सुतळीने तिरका बांधलात आणि मला विचारलंत, "काय दिसतंय?" मला उताण्याला आपला वर्ग दिसत होता! खिडकी, मुलांची डोकी, आणि पलीकडच्या भिंतीवर फळा. तो फळा आधी बाजूच्या भिंतीवर असे. माझ्यासाठी तुम्ही तो हलवलात, म्हणून हेडमास्तरांनी तुम्हाला सगळ्या वर्गासमोर झापलं. "फळा कुणाला विचारून हलवला?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "शेवटच्या बाकावरच्या मुलाला दिसत नव्हता, सर." ते शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले, बसून पाहिलं, आणि गोंधळून निघून गेले. शेवटचा बाक गल्लीपलीकडे होता हे त्यांना कुठून कळणार? हा किस्सा मला शेजारच्या मुलाने गॅलरीत नाचून दाखवला होता.

आठ-दहा दिवसांनी तुम्ही माझी पाटी पाहायला आलात. मी किती मन लावून लिहिलं होतं! प्रत्येक अक्षर फळ्यावरून उतरवलेलं, आणि प्रत्येक अक्षर उलटं. काने डावीकडे, पोटं उजवीकडे. आरशात जसं दिसलं तसं. तुम्ही पाटीकडे पाहिलंत, आरशाकडे पाहिलंत, आणि इतक्या हसलात, इतक्या हसलात की आतून आई धावत आली. मला रडू फुटलं तेव्हा तुम्ही माझ्या केसांतून हात फिरवलात. "चूक माझी, रे. मला वाटलं, दिसलं की झालं. राहू दे तो आरसा, पोरांच्या माकडचेष्टा बघायला. मला तुझे कान दे." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही खिडकीकडे तोंड करून, आवाज चढवून शिकवू लागलात, आणि साखळीत मला माझी ओळ मिळाली. ओढा ओलांडून गेलेल्या गाईची ती कविता होती. माझी ओळ होती अलीकडच्या काठावर राहिलेल्या वासराच्या हंबरण्याची.

बाई, पुढे मी बरा झालो, शिकलो, जन्मभर एका कचेरीत कारकुनी केली आणि फावल्या वेळात कविता चालीत म्हणून बायको-मुलांना छळलं. आता नातीने मला कामाला लावलं आहे. ती एका संस्थेत जाते. शाळा सुटलेली मोठी माणसं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात, त्यांना ही मंडळी मोबाईलवरून शिकवतात. मराठीला कुणी मिळेना. "आजोबा, तुम्ही नाहीतरी भिंतीशी बोलता, माणसांशी बोला," नात म्हणाली. मग माझे व्हिडिओ निघाले. मी इस्त्रीचा सदरा घालून पुस्तकांच्या कपाटापुढे बसतो, आणि नात ओरडते, "आजोबा, कॅमेऱ्यात बघा, पंख्याकडे नको!" व्हिडिओ ग्रुपवर पडला की खाली जोडलेल्या हातांची चित्रं, 'खूप छान सर.' मी हुरळलो. महिन्याभराने सगळ्यांना एकत्र फोन लावून मी विचारलं, कविता कळली का? जी शांतता पसरली, ती तुमच्या थांबण्यासारखी नव्हती.

शेवटी माटुंगा बोलला. आम्ही एकमेकांना ठिकाणांनीच हाक मारतो. माटुंगा म्हणजे तिथल्या एका सोसायटीत वॉचमन असलेला मालवणी गडी. "सर, रागावू नकात. व्हिडिओ उघडतच नाय. नेट सगळा माझ्या झिलाच्या क्रिकेटात संपता." मग वरळी बोलली. ती बीडीडी चाळीत राहते. आठवीत शाळा सुटलेली, आता मुलगा कमावता. "जय भीम सर. मोबाईल पोराचा हाय, तो डिलिव्हरीला घेऊन जातो. माझ्याकडं बटणांचा. रात्री तो आला की मी हात जोडलेलं टाकायचे. सगळे टाकतात ना." मी फोन ठेवला आणि माझ्या त्या आरशासमोर जाऊन बसलो. हो, अजून आहे. दाढीला वापरतो. मला वाटलं होतं, बाई, की दिसलं की झालं.

तेव्हापासून वर्ग फोनवर. दुपारी भांडी आवरली की सगळ्यांच्या फोनची घंटी वाजते, बटणांचा असो की काचेचा, उचलला की वर्गात. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने म्हटलं, चला, सगळ्यांनी एका सुरात! आपल्या शाळेत कसं छप्पर उडायचं. पण फोनमधून प्रत्येकाचा आवाज आपापल्या सवडीने पोचतो. वरळी पहिल्या ओळीवर, शिवडी तिसऱ्या, आणि माटुंगा अजून शीर्षकावर. "सर," तो ओरडला, "ही कविता नाय, ही दोन बुवांच्या भजनाची डबलबारी झाली!" हसून हसून वर्ग सुटला. रात्रभर विचार करायची गरजच पडली नाही. उत्तर गल्लीपलीकडे कधीचं उभं होतं. मी साखळी सुरू केली. प्रत्येकाला एक ओळ, ती त्याची. दुसऱ्याने ती म्हणायची नाही, थांबायचं. फोनवर थांबणं लोकांना जमत नाही. क्षणभर शांत झालं की सगळे "हॅलो, हॅलो" करतात. तेही शिकवलं.

वरळी सगळ्यांत हुशार. ती एका बालवाडीत मदतनीस आहे. खिचडी वाढायची, पोरांचे हात-तोंड धुवायचे. तिथल्या ताईंनी तिला शब्द दिला होता, दहावी झालीस तर वर्गावर घेऊ. "सर, मला पोरांना फळ्यावर अक्षर काढून दाखवायचंय," ती म्हणायची, "नुसतं पुसायला नाय." आणि हीच वरळी एक दिवस गप्प झाली. सासूच्या कंबरेचं हाड मोडलं, म्हातारी खाटेवर. हे मला शिवडीकडून कळलं. तिची ओळ आली की मी थांबत असे, कुणी बोलत नसे, मग मी पुढे जात असे. परीक्षा जवळ आली. "सर, वरळीची ओळ मी म्हणू?" माटुंगा म्हणाला. "फुकट ताटकळताव." नातही म्हणाली, "आजोबा, ती सुटली. आमच्याकडे तिच्या नावापुढे लाल खूण आहे." मी म्हटलं, ओळ तिची आहे. नात चिडली, "अहो, ती नसताना तिची ओळ कशी असेल?" दुसऱ्या दिवशीही मी वरळीपाशी थांबलो.

आणि मग ती दुपार. साखळी वरळीपाशी आली, मी थांबलो. फोनमधून एक खरखरीत, वैतागलेला म्हातारा आवाज आला. "आगं ये! त्ये मास्तर कवाधरनं थांबलंय, बोल की!" मागून वरळीची सासूला घाबरी कुजबुज, "आत्या, तुम्हाला कसं ऐकू आलं?" "समद्या खोलीला ऐकू यायलंय. रोज पदराआड फोन धरून बसतीस, मला वाटलं कुणाच्या गप्पा ऐकतीस. आनि ह्यो तर साळंचा मास्तर!" झालं होतं असं की वरळी एकही दिवस सुटली नव्हती. एका खोलीत सासूपुढे 'या वयात शाळा' असं बोलायची तिची छाती नव्हती, म्हणून फोन उचलून पदराआड कानाशी धरायचा, ऐकायचं, आणि तोंड उघडायचं नाही. रोज मी थांबलो की ती आपली ओळ मनातल्या मनात म्हणायची. त्या दिवशी सासूला कुशीवर वळवताना तिच्या बोटाने स्पीकरचं बटण दाबलं गेलं. "बोल की!" म्हातारी पुन्हा खेकसली. "माझी कंबर मोडलीया, तुझं त्वांड न्हाय." आणि वरळीने ओळ म्हटली. माटुंग्याने तिकडे सोसायटीच्या गेटवर अशी शिट्टी मारली की कुणीतरी गाडीवाला त्याच्यावर ओरडला.

त्यानंतर म्हातारी आमच्या वर्गाची मॉनिटर झाली. खाटेवरून एकेकाची हजेरी घेई. "शिवडी, आज आवाज का बसलाय?" मला तिचं फार अप्रूप वाटे. उताणं पडलेल्या माणसाला किती ऐकू येतं, हे मला कुणी सांगायला नको.

वरळी पास झाली, बाई. गणितात काठावर, मराठीत भरपूर. आणि आज दुपारी तिचा फोन आला तो बालवाडीतून. आज तिचा वर्गावरचा पहिला दिवस. "सर, मी फळ्यावर काढलं! आता पोरं म्हणणारेत, तुम्ही ऐका हां." तिने फोन त्यांच्यापुढे धरला असावा. मी डोळे मिटले. शेजारी नव्या टॉवरचं काम चालू असणार, नुसता खणखणाट, त्यात पोरांचा कल्लोळ, मग काही क्षण काहीच नाही. "सर? ऐकू आलं का?" मी म्हणालो, "ऐकू आलं. पुढे." तिने ते पोरांना सांगितलं असणार, कारण मग जो जल्लोष झाला तो फोन कानापासून लांब धरूनही माझ्यापर्यंत पोचला.

तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. माझी शाळा संपल्यावर तुम्ही गिरगावात राहायला गेलात एवढं कळलं, आणि मग एकदम तुम्ही गेल्याचंच. हे पत्र मी कुठे पाठवणार? घडी करून आरशामागे खोचून ठेवीन, उद्या दाढी करताना पुन्हा काढून वाचीन. पण एक कबूल करायचं आहे, आणि ते फक्त तुमच्यापाशीच करता येईल. आज त्या फोनमध्ये पोरांनी म्हटलेला एक शब्दही मला ऐकू आला नव्हता. फोन खाली ठेवला आणि अचानक आई आठवली. छातीभर प्लास्टर, त्यातून माझा आवाज केवढासा निघे, मी ओळ म्हटली की दोन हातांवर चुलीपुढे बसलेली आई दर वेळी विचारायची, "काय रे, काय पुटपुटतोस?" तिला ऐकू येत नव्हतं, बाई. मध्ये गल्ली होती, डंक होते, भाजीवाले होते. तुम्हालाही येत नव्हतं ना?