केवळाबाईच्या घरचं ताट

किल्लारी, पत्र्याचे शेड
सप्टेंबर १९९४

आदरणीय पाळकसाहेब,
ख्रिस्तात सलाम.

तरुण संघाचा अहवाल उद्या पाठवतो. हे पत्र मात्र पाठवणार नाही. फार दमलोय.

नांदेडहून निघताना तुम्ही म्हणाला होतात, "शमुवेल, बोलण्याआधी वागून दाखवा." भूकंपाला वर्ष झालं, आम्ही वागतोच आहोत. टँकरचं पाणी दारोदार पोचवतो. इथल्याच शेडातली केवळाबाई सुरुवातीला आमचा हात लागलेली घागर ओतून द्यायची. मी दुसरी भरून आणायचो. भांडलो नाही.

काल तिच्या लेकाचं, श्रीमंतचं, वर्षश्राद्ध होतं. भूकंपात गेला तो, माझ्याच वयाचा. तिनं मला शेडात बोलावून ताट पुढं सरकवलं. "त्याच्या वयाचं पोरगं जेवू घालावं लागतंय. वागणुकीनं चांगलं पाहिजे. तूच बस, लेकरा."

श्राद्धाचं अन्न आपल्याला चालत नाही, हे संघातल्या पोरांना मीच शिकवतो. ती पोरं दारात उभी राहून बघत होती. "न्हाई, मावशी" एवढंच म्हणायचं होतं. मी बसलो. खीर, वडे, सगळं खाल्लं.

पोरं तुम्हाला सांगतील. तुम्ही संघाचं सेक्रेटरीपद माझ्याकडून काढून घ्याल. घ्या. अहवालात "किती जणांनी प्रार्थना केली" ही ओळ मी कोरीच ठेवली आहे.

जेवून उठलो, तर तिनं स्वतःच्या घागरीतलं पाणी माझ्या हातावर ओतलं. म्हणाली, "श्रीमंत, पुरे का रे?"

मी म्हणालो, "हाव, माय."

तुमचाच,
शमुवेल साळवे